फर्नांडो मोरिएंतेस: माद्रिदने वाया घालवला की तो तेवढाच होता?

ऑफसाईड_सापळा

मंडळी, जुना विषय काढतोय, कंटाळा आला तर पुढे सरका. माझा भाचा सोळा वर्षांचा, फुटबॉलचा वेडा, पण सगळं मोबाईलवर तुकड्या तुकड्यात बघतो, नव्वद मिनिटांची मॅच म्हणजे त्याला शिक्षा. परवा त्याने एक क्लिप दाखवली, २००२ चा वर्ल्ड कप, क्वार्टर फायनल, स्पेन विरुद्ध दक्षिण कोरिया. एक्स्ट्रा टाईम नुकताच सुरू झालाय, होआकिन उजवीकडून पार रेषेपर्यंत जाऊन बॉल उचलून देतो, मधे एकजण डोक्याने तो जाळ्यात घालतो, आणि लाइन्समनचा झेंडा वर, म्हणे बॉल रेषेबाहेर गेला होता. भाचा म्हणतो, मामा, हा हेडर मारणारा कोण? मी म्हटलं मोरिएंतेस. तो म्हणे, कोण??

मग मी सांगायला बसलो की बाबा याने रेआल माद्रिदबरोबर तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्यात, १९९८, २००० आणि २००२, स्पेनसाठी ४७ मॅचमधे २७ गोल, म्हणजे दोन मॅचला एकाहून जास्तच. भाचा ऐकून घेतो आणि विचारतो, इतका भारी होता तर माद्रिदने त्याला लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना, का पाठवला? आणि त्यानेच माद्रिदला बाहेर काढलं हे खरं का?

दुसऱ्याचं उत्तर मला येतं, पण पहिल्यावर मीच अडकलो. रोनाल्डो आला म्हणून, एवढंच मला माहीत. (ब्राझीलचा हो. भाच्याला ते वेगळं सांगावं लागलं.) पण रोनाल्डो आला म्हणून जोडीला खेळणारा राऊल तर गेला नाही. मग मोरिएंतेसच का? आणि नंतर लिव्हरपूलमधे तो एवढा का फिका पडला? ज्यांनी तेव्हा नीट बघितलंय त्यांनी लिहा, मी तेव्हा नोकरीच्या धावपळीत होतो, बरंच सुटलंय.

---

रातकिडा

या विषयावर मला रात्रभर बोलायला लावू शकता, तेव्हा मोठा प्रतिसाद येतोय, चहा घेऊन बसा.

आधी तुमचा मधला प्रश्न. हो, खरंय, माद्रिदला त्यानेच बाहेर काढलं. २००३-०४ चा मोसम. माद्रिदने त्याला मोनॅकोला लोनवर दिला, वर पगारातला वाटाही स्वतःच उचलत होते. आणि चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टर फायनलला नेमकं मोनॅकोच समोर. दोन मॅचचा सामना, एक यांच्या घरी, एक त्यांच्या. पहिली मॅच, म्हणजे पहिली लेग, २४ मार्चला माद्रिदमधे, त्यांच्या बेर्नाबेउ स्टेडियमवर. मला ही तारीख पाठ असायचं कारण असं की ती मॅच आपल्याकडे रात्री सव्वा एकला होती आणि परतीची ६ एप्रिलची सव्वाबाराला, मधे युरोपातली घड्याळं एक तास पुढे गेली होती. मी आपला दुसऱ्या वेळीही सव्वा एकचाच अलार्म लावणार होतो, मित्राने फोन केला म्हणून वाचलो.

तर पहिली लेग. स्क्विलाचीने मोनॅकोला पुढे नेलं, मग दुसऱ्या हाफमधे माद्रिद सुटलं. एल्गेरा, झिदान, फिगो, रोनाल्डो, ४-१. मी टीव्ही बंदच करणार होतो. ८३ व्या मिनिटाला मोरिएंतेसने एक काढला, ४-२. तेव्हा वाटलं, ठीक, जुन्या घरात येऊन एक खूण करून गेला, चालायचंच. त्या गोलची किंमत काय आहे हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, निदान माझ्या तरी नाही. अवे गोलचा नियम होता तेव्हा, म्हणजे दोन्ही लेग मिळून बरोबरी झाली तर समोरच्याच्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढे.

परतीच्या लेगला राऊलने ३६ व्या मिनिटाला गोल केला. म्हणजे आता मोनॅकोला तीन हवेत, आणि समोर तो सगळा सोन्याचा संघ. हाफ टाईमच्या अगदी तोंडावर एक उंच बॉल पेटीत आला, मोरिएंतेसने उडी मारून तो डोक्याने गोलकडे नाही मारला, शांतपणे खाली ठेवला, मोनॅकोचा ज्यूली धावत आला आणि त्याने बॉल जमिनीला लागू न देता ठोकला. १-१. हाफ टाईमनंतर तीन मिनिटात एव्राचा डावीकडून क्रॉस, मोरिएंतेसचा हेडर, माद्रिदचा गोलकीपर कासियास नुसता बघत राहिला. हा तोच एव्रा, पुढे मँचेस्टर युनायटेडमधे गेला तो. मग ६६ व्या मिनिटाला ज्यूलीने टाचेने बॉल आत ढकलला, ३-१. एकूण ५-५, आणि बेर्नाबेउमधल्या दोन गोलवर मोनॅको पुढे. त्या दोनातला दुसरा कोणाचा, ते वर लिहिलंय.

सेमी फायनलला चेल्सी. तिथे दोन्ही लेगमधे याचा गोल. फायनल गेल्झनकिर्शनला, समोर मोरिन्योचा पोर्तो, तिथे मात्र ०-३ धुतले गेले, ज्यूली पहिल्या अर्ध्या तासातच जखमी होऊन बाहेर गेला आणि संपलंच सगळं. पण त्या मोसमात चॅम्पियन्स लीगमधे सगळ्यात जास्त गोल मोरिएंतेसचे, ९. ज्या क्लबला तो नको होता त्या क्लबच्या पैशावर.

आता तुमचा पहिला प्रश्न, मोरिएंतेसच का. नुसतं रोनाल्डो हे उत्तर अर्धं आहे. अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझचं तेव्हा धोरणच होतं, लोक त्याला 'झिदान आणि पावोन' म्हणायचे. म्हणजे दर उन्हाळ्यात जगातला एक मोठा तारा विकत आणायचा, फिगो, झिदान, रोनाल्डो, बेकहॅम असे ओळीने, आणि बाकीच्या जागा स्वतःच्या अकॅडमीतून आलेल्या पावोनसारख्या पोरांनी भरायच्या. ऐकायला छान आहे. पण या हिशोबात मधल्या माणसांना खुर्चीच नाही. मोरिएंतेस ना तारा, ना अकॅडमीचा पोरगा. अल्बासेतेहून सुरुवात, मग सारागोसात दोन वर्षं, तिथून १९९७ मधे माद्रिदने विकत घेतलेला, चांगला पगार असलेला, सत्ताविशीचा, तयार स्ट्रायकर. राऊल अकॅडमीचाही होता आणि तारा पण होता, म्हणून तो वाचला. त्याच २००३ च्या उन्हाळ्यात मिडफिल्डर माकेलेले चेल्सीला गेला, कोच देल बॉस्केला लीग जिंकल्या जिंकल्या नारळ दिला, कॅप्टन इएरो गेला. म्हणजे एकटा मोरिएंतेस नाही, टीमचा सगळा मधला मजलाच काढून टाकला. आणि मग वरचा मजला खाली आला. त्या मोसमात लीगच्या शेवटच्या पाचही मॅच हरले आणि चौथे आले.

---

ॲनफिल्डचा_पाहुणा

रातकिडा, झक्कास लिहिलंय, पण मला यात थोडी भावनेची भेसळ वाटते राव. राग मानू नका.

२००२-०३ मधे रोनाल्डोने लीगमधे २३ गोल मारले आणि माद्रिद चॅम्पियन झालं. ओल्ड ट्रॅफर्डवर, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानात, हॅटट्रिक मारून बाहेर जाताना समोरच्या टीमच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी, म्हणजे मोरिएंतेस मोनॅकोत होता त्याच वर्षी, रोनाल्डो स्पॅनिश लीगचा टॉप स्कोअरर. आता तुम्ही कोच आहात, सांगा, याला बसवून मोरिएंतेसला खेळवाल? मी नाही खेळवणार, तुम्ही पण नाही.

आणि मी लिव्हरपूलचा माणूस असल्याने पुढचं मी फार जवळून भोगलंय. गंमत बघा, २००४ च्या उन्हाळ्यात माद्रिदने आमचा स्ट्रायकर ओवन नेला, त्यामुळे मोनॅकोहून परत आलेला मोरिएंतेस पुन्हा बेंचवर, आणि जानेवारी २००५ मधे आमच्या कोच बेनिटेझने त्यालाच आमच्याकडे आणला. आम्ही खूश, म्हटलं बदला पुरा झाला. सुरुवातीलाच चार्ल्टनच्या मैदानावर लांबून डाव्या पायाने असा काही बॉल मारला की मी घरात ओरडलो. त्यानंतर त्या गोलची आठवण काढत काढत दीड वर्ष गेलं. प्रीमियर लीगमधे ४१ मॅच, ८ गोल. इतकंच.

तो आळशी नव्हता, उलट पळायचा. पण वेग कधीच नव्हता त्याच्याकडे, आणि इंग्लंडमधे डिफेंडर तुम्हाला वळायला वेळ देत नाहीत, पाठीवर चढूनच असतात. स्पेनमधे आणि फ्रान्समधे त्याला जो अर्धा सेकंद मिळायचा तो इथे मिळाला नाही. त्यात वय २९ कडे, दुखापती अधूनमधून. याला वाया घालवणं म्हणत नाहीत, उतार म्हणतात. सगळ्यांना लागतो, याला जरा लवकर लागला.

एक मात्र आहे, त्याच्या नशिबाला मी हसू की रडू ते कळत नाही. तो आमच्याकडे आला त्याच मोसमात आम्ही इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग जिंकली, मिलानविरुद्ध ०-३ वरून. आणि तो खेळूच शकत नव्हता, कारण त्या मोसमात आधी माद्रिदकडून त्या स्पर्धेत उतरला होता, आणि तेव्हाच्या नियमाने एका मोसमात दोन क्लबकडून चालत नसे. म्हणजे तीन जिंकलेला माणूस चौथी चालू असताना सूट घालून बसला.

---

कोपऱ्यातला_झेंडा

ॲनफिल्डचा_पाहुणा यांना अर्धं +१.

क्लिपबद्दल एक खुलासा, कारण दरवेळी लोक 'त्याचा गोल रद्द केला' म्हणतात. झेंडा हेडरच्या आधी वर गेलेला आहे. त्यामुळे गोलकीपर थांबला का, त्याने मनापासून उडी मारली का, असा वाद घालणारे कोरियावाले पूर्ण चुकीचे नाहीत. पण बॉल बाहेर गेलाच नव्हता हे रिप्लेमधे कोणालाही दिसतं. नियम काय सांगतो, अख्खा बॉल अख्ख्या रेषेच्या पलीकडे गेला तरच बाहेर. आणि तेव्हा गोल्डन गोलचा नियम, म्हणजे तो धरला असता तर मॅच तिथेच संपली असती आणि स्पेन सेमी फायनलला.

आणि हे लोक विसरतात की त्याच एक्स्ट्रा टाईममधे मोरिएंतेसचा एक शॉट पोस्टला लागला. तिथे ना झेंडा ना पंच, नुसता खांब. मग पेनल्टी, होआकिनची अडवली, ३-५. होआकिन जेमतेम वीस वर्षांचा, लंगडत होता, त्याला का पाठवलं देव जाणे. राऊल जखमी होऊन बाहेर बसलेला. त्या वर्ल्ड कपमधे मोरिएंतेसने पॅराग्वेविरुद्ध हाफ टाईमला येऊन दोन मारले होते, आयर्लंडविरुद्ध आठव्या मिनिटाला पुयोलच्या क्रॉसवर एक. तो धरला असता तर चार.

---

दुसरा_खांब

मी नुसता वाचक आहे सहसा, पण हेडरचा विषय निघाल्यावर राहवत नाही. मी स्वतः आमच्या लेव्हलला स्ट्रायकर खेळलोय, उंचीने बेताचा, त्यामुळे मोरिएंतेसच्या क्लिप मी अभ्यास केल्यासारख्या बघितल्यात. लोकांना वाटतं हेडर म्हणजे उंची आणि उडी. त्याचं तसं नव्हतं. त्याचं सगळं काम बॉल येण्याच्या आधी व्हायचं.

२००० ची चॅम्पियन्स लीग फायनल काढा, पॅरिस, समोर वॅलेन्सिया, ३९ वं मिनिट. बॉल उजवीकडे माद्रिदच्या साल्गादोकडे आहे. आता बॉलकडे बघू नका, मोरिएंतेसकडे बघा. सगळे डिफेंडर बॉलकडे तोंड करून मागे सरकतायत, आणि हा त्यांच्या पाठीमागे, म्हणजे एकाच वेळी बॉल आणि हा असे दोन्ही कोणाला दिसणार नाहीत अशा जागी. तिथून तो घाई करत नाही. थांबतो. क्रॉस सुटल्यावरच निघतो. म्हणून डिफेंडर उभ्याने उडी मारतो आणि हा धावत येऊन मारतो, उंचीचा फरक तिथेच भरून निघाला. बाकी मग सोपं दिसतं. सोपं दिसतं म्हणूनच लोक विसरतात, माझं मत.

दुसरं म्हणजे रातकिडांनी लिहिलेला तो ज्यूलीला दिलेला बॉल. हेडर मारणाऱ्या स्ट्रायकरला गोलसमोर बॉल आला की मानेचा झटका आपोआप बसतो, हात चटक्याला मागे यावा तसा. तो झटका आवरायचा, मान सैल सोडायची आणि बॉल फक्त खाली उतरू द्यायचा, हे करून बघा एकदा मैदानावर, दहापैकी आठ वेळा तो बॉल तुमच्या खांद्यावर पडेल. याला माहीत होतं की ज्यूली कुठून येतोय. राऊलबरोबर सहा वर्षं हेच काम केलं होतं त्याने, डिफेंडर अंगावर घ्यायचा आणि बॉल दुसऱ्याच्या पायात सोडायचा. राऊलच्या गोलांमधे याचा वाटा किती, ते कुठल्या तक्त्यात मांडलेलं नाही.

म्हणून ॲनफिल्डचा_पाहुणांच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की रोनाल्डोला बसवायचं नव्हतंच. रोनाल्डोबरोबर खेळवायचं होतं.

---

ॲनफिल्डचा_पाहुणा

@दुसरा_खांब, मग राऊल कुठे? फिगो कुठे? झिदानला मिडफिल्डमधे पळायला लावणार? अकरा जागांत बारा जण कसे बसवायचे, हे गणित कोण सोडवणार. (पण हेडरवरचं पटलं. आज पुन्हा बघितला तो गोल, साल्गादोकडे न बघता. खरंच थांबतो तो.)

---

ट्रान्सफर_विंडो

मला एक शंका आहे. लोनवर दिलेला खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळणार नाही अशी अट माद्रिदने टाकलीच नव्हती का? हल्ली तर सगळे टाकतात ना?

---

रातकिडा

@ट्रान्सफर_विंडो, अट नव्हती हे तर निकालावरूनच कळतं, हाहा. मोनॅको समोर येईल आणि आलं तरी त्रास देईल असं माद्रिदमधे कोणाच्या स्वप्नातही नसणार.

बाकी नियम जागेप्रमाणे वेगळे आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधे लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध उतरूच शकत नाही, तिथे नियमच तसा. युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, स्पर्धांत उलटं आहे. २०१४ मधे गोलकीपर कुर्टुआ चेल्सीचा होता आणि लोनवर आत्लेतिको माद्रिदमधे, सेमी फायनलला दोघे समोरासमोर आले, करारात म्हणे लिहिलेलं की खेळवायचा असेल तर चेल्सीला मोठी रक्कम द्या. युएफाने स्पष्ट सांगितलं, असली अट आमच्या स्पर्धेत चालणार नाही. कुर्टुआ दोन्ही लेग खेळला आणि चेल्सी बाहेर. २०२० मधे कुतिन्यो बार्सिलोनाचा, लोनवर बायर्नमधे, त्या ८-२ च्या मॅचमधे शेवटी येऊन दोन गोल मारून गेला. पण त्याचे दोन गोल म्हणजे सांडलेल्या दुधात पाणी, मॅच आधीच गेली होती. मोरिएंतेसचे दोन गोल काढले तर माद्रिद पुढे जातं. फरक आहे.

@ॲनफिल्डचा_पाहुणा, बारा जणांचं गणित बरोबर. माझं म्हणणं एवढंच की बाराव्याला विकायचं नसतं, ठेवायचं असतं. २००४ च्या मार्चमधे सारागोसाविरुद्ध कोपा देल रेची, म्हणजे स्पेनच्या कपची, फायनल एक्स्ट्रा टाईममधे २-३ हरले, आठवडाभरात मोनॅको, मग लीगची घसरगुंडी, सगळीकडे तेच दमलेले तारे पळतायत, आणि बेंचवर बघितलं तर राऊल किंवा रोनाल्डोला अर्धा तास सुट्टी देता येईल असा माणूस नाही. तो माणूस समुद्राकाठी मोनॅकोत बसून तुमच्याविरुद्ध गोल मारतोय. २००२ मधे रोनाल्डोला घ्यायचं म्हणून त्याला बार्सिलोनाला द्यायची बोलणी जवळजवळ पक्की झाली होती, शेवटच्या क्षणी फिसकटली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत याने लास पाल्मासविरुद्ध एका मॅचमधे पाच गोल मारले होते हो, ७-० ची मॅच. आणि मे महिन्यात ग्लासगोच्या चॅम्पियन्स लीग फायनलला पहिल्या अकरात. तीनही जिंकलेल्या फायनल त्याने सुरुवातीपासून खेळल्यात. सहा महिन्यांत पाच गोलांपासून ते 'याला कोण घेतंय का' इथपर्यंत.

---

वॅलेन्सियाचं_वटवाघूळ

सगळे लिव्हरपूलवर येऊन थांबलात, आमचं कोणी नावच घेत नाही.

२००६ मधे तो आमच्याकडे आला. पहिल्याच मोसमात लीगमधे १२ गोल, चॅम्पियन्स लीगमधे ७, त्यात ऑलिंपियाकोसविरुद्ध हॅटट्रिक. तीस वर्षांचा होता तेव्हा. त्यामुळे ॲनफिल्डच्या पाहुण्यांचा तो 'उतार' मला काही पूर्ण पटत नाही, उतार असता तर परत वर कसा आला? बरोबर आमचा स्ट्रायकर विया होता, म्हणजे पळणारा शेजारी होता. वर दुसरा_खांब म्हणतात तेच, याला एकटं पुढे उभं केलं की हा साधा वाटतो, शेजारी दिला की दोघे मोठे होतात. वियाला विचारा.

२००७-०८ आमचं फार वाईट वर्ष, कूमन कोच, लीगमधे खालच्या तीनात जातो की काय अशी अवस्था, आणि तशातच कोपा देल रे जिंकली, हेताफेला ३-१, तिसरा गोल मोरिएंतेसचा. काही दिवसांत कूमनची हकालपट्टी. कप जिंकून नोकरी गेलेला कोच, असलं आमच्याकडेच होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात स्पेन युरो जिंकलं. विया टॉप स्कोअरर. मोरिएंतेस टीममधे नाही, २००७ नंतर त्याला स्पेनने बोलावलंच नाही. २००६ च्या वर्ल्ड कपलाही स्पेनचा कोच अरागोनेसने घेतलं नव्हतं. १९९८ मधे स्पेनकडून पहिली मॅच खेळला ती स्वीडनविरुद्ध, पहिल्या पाच मिनिटांत दोन गोल. ज्या टीमचं दार असं लाथ मारून उघडलं ती टीम जिंकायला लागायच्या वर्षभर आधी याचं दार बंद. राग यायला हवा पण येत नाही, कारण विया आणि टोरेस होते हो, काय बोलणार.

शेवटी २००९-१० मधे मार्सेय, कोच पुन्हा देशां, मोनॅकोत होता तोच. फार खेळला नाही पण मार्सेय अठरा वर्षांनी लीग जिंकलं आणि याने चौतिसाव्या वर्षी बूट टांगले. नंतर फुएनलाब्रादाचा कोच झाला थोडे महिने, ते काही जमलं नाही.

---

ॲनफिल्डचा_पाहुणा

@वटवाघूळ, ७ चॅम्पियन्स लीग गोल हा आकडा मी विसरलो होतो. ठीक, 'उतार' शब्द मागे घेतो. 'आमच्याकडे जमलं नाही' असं करा. पण वेगाचा मुद्दा सोडणार नाही!!

---

ऑफसाईड_सापळा

वा, एका प्रश्नाला इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. मी आपला 'रोनाल्डो आला' एवढ्यावर वीस वर्षं समाधानी होतो. ते झिदान आणि पावोनचं वाचून पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला, कारण ऑफिसात मी नेमका त्याच मधल्या मजल्यावर राहतो, असो, अवांतर होईल.

माझं मत विचाराल तर मी रातकिडांच्या बाजूला झुकतोय पण ॲनफिल्डच्या पाहुण्यांचं बारा जणांचं गणितही सुटत नाहीये. रोनाल्डोला घेणं चूक नव्हतं. याला ठेवून त्याच्या हातात काम देणं जमलं नाही, ती चूक.

काल रात्री भाच्याला मोनॅकोची परतीची लेग पूर्ण बघायला बसवला, मोबाईल काढून घेऊन. पहिला अर्धा तास जांभया. हाफ टाईमच्या आधी तो डोक्याने ठेवलेला बॉल आल्यावर स्वतःच म्हणाला, मागे घे मागे घे, आणि चारदा बघितला. मॅच संपल्यावर प्रश्न, मामा पण मग हा नक्की कुठल्या टीमचा?

काय सांगणार. माद्रिदसाठी शंभर गोल मारलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न येतो.

---

रातकिडा

त्याला १९९८ ची सेमी फायनल दाखवा, माद्रिद विरुद्ध डॉर्टमुंड, १ एप्रिल, बेर्नाबेउ. सुरू व्हायच्या आधी गोलमागचे प्रेक्षक कुंपणावर चढले, ते कुंपण वाकलं आणि त्याला बांधलेला गोलपोस्ट अख्खाच्या अख्खा आडवा झाला. दुसरा पोस्ट सरावाच्या मैदानावरून आणेपर्यंत तासाभराहून जास्त गेला, तोवर खेळाडू, पंच, टीव्हीवाले सगळे ताटकळत. शेवटी मॅच सुरू झाली आणि पहिला गोल मोरिएंतेसचा. २-० जिंकले, मग फायनल, मग ३२ वर्षांनी युरोपचा कप. तो गोल बघितला की कुठल्या टीमचा ते कळेल.

---

ऑफसाईड_सापळा

लावलीय. पूर्ण प्रक्षेपण मिळालं, पोस्ट पडल्यापासूनचं. भाचा चाळीस मिनिटं झाली बघतोय, अजून खांबच उभा होतोय, पण पुढे ढकलू देत नाहीये.